गोकुळाबाई आणि म्हाताऱ्यांचे गुडघे

गोकुळाबाईला माणसं तोंडावरून लक्षात राहत नसत, गुडघ्यांवरून राहत. बाजारात कोणी रामराम केला तर ती आधी खाली पाही. डावा पाय ओढत येते ती तेलघाणीवाल्याची सासू. उठताना दोन्ही हात मांड्यांवर रोवतो तो तलावाकाठचा कोलू. आणि ज्याचे गुडघे वाळक्या शेंगेसारखे वाजतात तो तिचा स्वतःचा सासरा, सोमाजी.

सरकारने तिला नेमलं होतं ते बाळंतपणासाठी. पण बाळंतिणीच्या घरी तासन् तास बसून राहावं लागतं आणि त्या घरातली म्हातारी माणसं समोर उठत-बसत असतात. दहा वर्षं हे पाहता पाहता तिला त्याचा चाळाच लागला. हे माणूस असं का उठतं, आणि त्याच्याच वयाचं दुसरं तसं का उठतं, हे मनात घोळवतच ती घरी येई. विचारायला कोणी नव्हतं. नवरा उमाजी सिरोंच्याच्या लाकूड डेपोत कामाला होता, वर्षातून दोनदा येई. घरात सासरा आणि चार वर्षांची कुंता.

गाव सावरटोला. गडचिरोली तहसिलीतलं, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वसलेलं मासेमार ढिवरांचं गाव. गोकुळाच्या घराच्या दारापासून पाणी वीस पावलांवर होतं. ती वीस पावलं तिने किती वेळा मोजली असतील त्याला सुमार नाही. सकाळी पिशवी खांद्याला लावून निघताना ती कुंताला सासऱ्याजवळ बसवी आणि म्हणे, "मामाजी, पाण्याकडे ध्यान ठेवा." सोमाजी म्हणे, "जाय वं, मी आहो ना." एवढ्यावर ती निघे. पण पाळ उतरून जंगलाची वाट लागेपर्यंत तीन-चारदा तरी मागे वळून पाही.

छप्पन साली जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि पुढच्या थंडीत चांद्याहून एक तरुण डॉक्टर छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आले. म्हाताऱ्या माणसांची पाहणी करायची होती. कोणत्या जातीजमातीची माणसं उतारवयात किती चालती-फिरती राहतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. सावरटोल्याचे ढिवर आणि दोन कोसांवर जंगलातलं कोसमपार, तिथले गोंड, अशी दोन गावं गोकुळाच्या वाट्याला आली. तिला इतका आनंद झाला की रात्री तिने कुंताला भरवताना तो कागद दोनदा वाचला. आपल्या डोक्यातला किडा चांद्याच्या डॉक्टरच्याही डोक्यात आहे, हे तिला फार नवलाचं वाटलं.

कागदावर सहा प्रश्न होते. पहिला असा: कोणाच्या सोबतीशिवाय, एकट्याने एक कोस चालता येते का? मग आधाराशिवाय उठण्याचा, पाण्याने भरलेली घागर उचलण्याचा, सुईत दोरा ओवण्याचा, असे पाच. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढचे विचारू नयेत. जो चालूच शकत नाही त्याला घागरीचं काय विचारायचं, असा त्यामागचा हिशेब असावा.

ढिवरांकडे तिला दोन दिवस लागले. तेवीस म्हातारी माणसं. एकवीस जणांनी सहाच्या सहा प्रश्नांना 'येते' म्हटलं, तेही असं ठासून की जणू तिने त्यांना शिवीच दिली होती. कोसमपारला मात्र अर्ध्या सकाळीत काम संपलं. गावाच्या मधल्या मोहाखाली सगळी म्हातारी जमली होती. एकोणीस जण. तिने पहिला प्रश्न विचारला, पहिला माणूस 'नाई' म्हणाला, दुसरा 'नाई' म्हणाला, आणि एकोणीसही जण एका सुरात 'नाई' म्हणून मोकळे झाले. त्या दिवशी कुंताच्या अंगात कणकण होती. गोकुळाचं अर्धं लक्ष घराकडे होतं. काम लवकर उरकलं याचंच तिला बरं वाटलं. वाटेत मनात आलं खरं, की एकोणीसातले चार तरी आपण बाजारात पाहिले आहेत. पण तोवर कागद पिशवीत गेले होते.

डॉक्टर खूश झाले. आकडे इतके स्वच्छ त्यांनी कुठे पाहिले नव्हते. गडचिरोलीच्या मुक्कामात त्यांनी गोकुळाला समजावून सांगितलं की रानातली माणसं लवकर खचतात, तो वंशाचा भाग असतो, शिवाय हिवताप, शिवाय मीठ कमी. मासे खाणारा ढिवर बघा, शेवटपर्यंत खडा. गोकुळाने मान हलवली. शेवटपर्यंत खडा हे शब्द तिला रस्ताभर टोचत राहिले, कारण रोज पहाटे ती स्वतः सोमाजीच्या काखेत हात घालून त्याला खाटेवरून उठवत होती.

फाल्गुन लागता लागता नथ्थू नाकेदार तिच्या दारात आला. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. काटा लागून बोट पिकलं होतं. ती सुई तापवत होती आणि तो बोलत होता.

"बाई, तुमच्या कागदानं कोसमपारचं कामच हलकं केलं."

तिने विचारलं, कसं? तेव्हा कळलं ते असं. कोसमपार हे खात्याने वसवलेलं गाव. ज्या घरातून जंगलाच्या कामाला माणूस येतो, त्याच घराकडे जमिनीचा तुकडा राहतो. उन्हाळ्याआधी वणवा अडवायला रान कापून पट्टा साफ करायचा, ते मोठं काम. कोण म्हातारा झाला, कोण कामाचा राहिला नाही, याची यादी रेंज कचेरीला दरवर्षी लागते. यंदा डॉक्टरच्या पाहणीची नक्कल मिळाली, तीच लावून टाकली. चैतू आणि इसरूची नावं उडाली, पण त्यांच्या जागी त्यांचे लेक लागले. बुधरीला लेक नाही, नवरा मागेच गेला, पोरगी लांब दिलेली. तिचा तुकडा होळीनंतर दुसऱ्याला.

"बुधरी चालू शकत नाही असं लिहिलं आहे?" गोकुळाने विचारलं.

"तुमचंच अक्षर आहे, बाई." नथ्थू हसला. "मले त हसूच आलं. मागच्या साली वणव्याची लाईन कापताना मी म्हातारीच्या मागं मागं दम लागून चाललो होतो. म्हटलं, एका सालात काय झालं हिले?"

काटा निघाला, नथ्थू गेला, पण गोकुळाच्या हातातली सुई तशीच राहिली. बुधरीला ती चांगली ओळखत होती. साठीच्या पुढची, सडसडीत बाई. वय विचारलं तर सांगे, कित्येक वर्षांनी एकदा फुलणारा बांबू दोनदा फुललेला पाहिला, पहिल्यांदा आईच्या पाठीवर बांधलेली होते आणि दुसऱ्यांदा लेकीचं लग्न झालं होतं. ती जमिनीवरून उठे तेव्हा हात कुठेच टेकत नसे, गवताची काडी वाकून सोडल्यावर सरळ व्हावी तशी उठे. हे गोकुळाने पाहिलं होतं, मनात नोंदलंही होतं. आणि तरी त्याच हाताने 'नाही' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कोसमपारला निघाली. पाळ उतरून रानाच्या तोंडाशी आली तेव्हा नेहमीसारख्या दोन बाया तिथे उभ्या होत्या. डोक्यावर टोपल्या, तोंडाने काही नाही, नुसत्या तिच्या पुढे-मागे चालू लागल्या. गेली तीन वर्षं असंच होत होतं. नर्सबाईचा मान ठेवतात, अशी तिची समजूत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने विचारलं, तुम्ही काऊन, कशासाठी येता? धाकटी म्हणाली, "तू एकटी कशी येशीन?" जणू गोकुळाने, अंगाला पाय काऊन आहेत, असं विचारलं होतं.

बुधरी अंगणात मोहाच्या साठवलेल्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडत बसली होती. जमिनीची बातमी तिला कळली होती. ती रागावली नव्हती. रागावली असती तर गोकुळाला सोपं गेलं असतं. तिने गोकुळाला पाणी दिलं, पोरीचा तेव्हाचा ताप उतरला का म्हणून विचारलं, आणि पुन्हा टोळ्या फोडू लागली. शेवटी गोकुळानेच तोंड उघडलं. तू चालतेस हे मला माहीत आहे, गावाला माहीत आहे, मग नाही का म्हणालीस?

बुधरीने आणखी दोन टोळ्या फोडल्या. मग सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी, अर्धं गोंडीत. नवऱ्याच्या पोटात गाठ झाली तेव्हा त्याला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. बरोबर आलेली माणसं धानाच्या कापणीला परत गेली. तो तिथेच गेला, तिथेच माती दिली. ती परत चालत आली, तीन दिवस.

"एकटी?"

"एकटी. वाटेत जे गाव लागे तिथली बाई इचारे, तुयं कोणी नाई का वं? दर गावात. मी खाली पाहून चालो." तिने दगड बाजूला ठेवला. "तू आली, समदं गाव बसून होतं, अन् तू बी तेच इचारलं. एकटी चालतं का म्हणून. समद्या गावाम्होरं मी हो कशी म्हणू? मंग हे लोकं माहे कोणीच नाई का?"

एकोणीस माणसं एका सुरात का बोलली, ते आता तिला दिसत होतं. मोहाखाली शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला असताना 'मी एकटा जातो' म्हणणं म्हणजे त्या शेजाऱ्याला नाकारणं होतं. आणि ढिवर? ढिवर पहाटे एकटाच डोंगा सोडतो. मोठं जाळं ओढायला जो उभा राहतो त्याला मासळीचा पूर्ण वाटा, जो काठावर बसतो त्याला अर्धा; आणि म्हातारा स्वतःच्या तोंडाने 'येत नाही' म्हणेपर्यंत त्याचा वाटा पूर्णच. तिथे 'येत नाही' कोण म्हणेल? एकच प्रश्न दोन गावांत विचारला होता, आणि दोन्ही गावांनी पायांबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

हे तिने गडचिरोलीला जाऊन डॉक्टरांना सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, खुर्ची पुढे ओढून बसले. पण म्हणाले की एका बाईचं उत्तर तुमच्या शब्दावर बदललं तर उद्या कोणीही काहीही बदलेल.

"दोन्ही गावांना नव्याने विचारा, बाई. प्रश्न तुम्ही ठरवा. पण सगळ्यांना एकच, आणि एकही घर सुटता कामा नये. होळीच्या आत द्या, रेंजला मी पत्र लिहितो."

प्रश्न तिला येतानाच सुचला होता: काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं? येतं का, जमतं का, काही नाही. नुसतं काल. डॉक्टरांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि मान डोलावली. पण 'एकही घर सुटता कामा नये' यात गोकुळाचं स्वतःचं घरही आलं. ढिवरांच्या तेवीस कागदांतला एक तिने न विचारताच भरला होता. सोमाजीचा. सहाही रकान्यांत 'येते'. तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, घरचाच माणूस, त्याला काय विचारायचं. खरं कारण ते नव्हतं. तो उठू शकत नाही असं एकदा लिहिलं, की पाण्यापासून वीस पावलांवर त्याच्या भरवशावर पोर ठेवून कामाला जाता आलं नसतं. दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तो उठू शकत होता.

कोसमपारच्या म्हाताऱ्यांना कालचा दिवस सांगायला अडचण पडली नाही. उलट एक विसरला की दुसरा आठवण देई. बुधरीचा काल असा होता: अंधारात उठून दळण, झऱ्यावरून दोन खेपा पाणी, चौघींबरोबर कोसभर जाऊन डिंक, येताना लाकडाची मोळी, दुपारी गावातल्याच सोमारीच्या घराचं सारवण, सांजेला नाच पाहायला शेजारच्या पाड्यात, आणि परत. "नाचली नाई," ती म्हणाली, "पाय दुखत होते." गोकुळाने तेही लिहिलं. सगळ्यांचेच पाय खडे नव्हते. इसरू काल दिवसभर अंगणाबाहेर गेला नव्हता, आणि तीन जणींना संध्याकाळ झाली की दिसत नव्हतं. पण एकोणीसांतले तेरा कोसभर चालून आले होते, कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने.

सावरटोल्यात मात्र काल कोणालाच आठवेना. एक म्हणाला, काल काय अन् आज काय, ढिवराचा दिस पाण्यात. कोलू म्हणाला, काल एकादशी होती, जाळं टाकलं नाही, तो दिस धरू नको. पाळीवर केवळराम जाळं दुरुस्त करत बसला होता. मोठ्या जाळ्याचा तोच पुढारी, वाटे तोच पाडी. तो कान देऊन ऐकतो आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. गोकुळा घरोघर फिरली, कागद जवळजवळ कोराच राहिला, आणि शेवटी ती आपल्या दारात आली.

सोमाजी भिंतीला टेकून सुताची दोरी वळत होता. कुंता पायरीवर शिंपल्या मांडत होती. गोकुळा त्याच्यासमोर बसली, कागद मांडीवर घेतला आणि कोणा परक्याला विचारावं तसं विचारलं.

"मामाजी, काल उठल्यापासून काय केलं?"

तो हसला. "पुरा गाव फिरून राह्यली, अन् आता माही पाळी का?"

"सगळ्यांना विचारायचं आहे. नाही तर बुधरीची जमीन जाते."

बुधरी कोण, ते त्याने विचारलं. तिने सांगितलं. चांद्याहून तीन दिवस चालत आली तेही सांगितलं. तो दोरी वळत राहिला. मग त्याने केवळरामाकडे एकदा पाहिलं आणि आवाज जरासुद्धा न उतरवता बोलला.

"लिव. सकाळी तुनं उठवलं. तवापासून मी इथीच. उठलो नाई. पाणी बी पोरीनंच आणून देल्लं." तो थांबला. "अन् पोरीच्या कमरेले दोरी होती."

गोकुळाने विचारलं, कसली दोरी?

"अशीच दोरी. एक टोक तिच्या कमरेले, एक माह्या हाताले. तू पाळ उतरली का मी बांधतो, तू याच्या आंधी सोडतो. साल झालं. काल ते पाण्याकडे निंगाली त मासा ओढावा तशी ओढून आणली." त्याने हातातली दोरी उचलून दाखवली. "पाय नाई राह्यले, पोरी. पण हात आहेत. लिव तसंच."

कुंताने मान वर करून सांगितलं की आबाजी आणि ती मासा-मासा खेळतात. गोकुळाने लिहिलं. लेखणी दोनदा अडली, पण एकही शब्द गाळला नाही. मग तिने पोरीला जवळ घेऊन तिची कमर पाहिली. दोरीचा वळ कुठेच नव्हता. सोमाजीने दोरीखाली जुन्या धोतराची घडी घालायचं ठेवलं होतं.

केवळराम जाळं गुंडाळून उठला, आणि उठताना त्याचाही हात जमिनीवर टेकला. ते त्याने लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोलू गोकुळाच्या दारात आला आणि म्हणाला, परवा एकादशी नव्हती, लिहून घे. त्याच्यामागून आणखी सहा जण आले.

होळीच्या आदल्या दिवशी नथ्थू नाकेदार बोट बरं झाल्याचं दाखवायला आला आणि बुधरीचं नाव पुन्हा यादीवर चढल्याचं सांगून गेला. रेंजरसाहेब कुरकुरले होते, पण डॉक्टरांच्या पत्रापुढे त्यांचं चाललं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र आपला सिद्धान्त सोडला नाही, नुसता उलटा केला. आता ते म्हणत होते की रानातल्या माणसाचे सांधेच जन्मतः निराळे असतात. गोकुळाने या खेपेला मान हलवली नाही. सोमाजीच्या घरी पुढच्या मासळीपासून अर्धा वाटा येऊ लागला.

होळी झाल्यावर चौथ्या दिवशी बुधरी सावरटोल्यात आली, बरोबर तिघी. जमिनीबद्दल एक शब्द नाही. तिला तो म्हातारा पाहायचा होता. गोकुळाने सांगितलेला, हातांत एवढं बळ असलेला माणूस उठत कसा नाही, हे तिला कोडं पडलं होतं. ती सोमाजीच्या पुढ्यात उकिडवी बसली, त्याची परवानगी न घेता त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि बाभळीची शेंग दाबून पाहावी तसा दाबून पाहिला.

"काऊन झालं हे?"

"म्हातारपण," सोमाजी म्हणाला.

"मी बी म्हातारीच आहो."

मग तिने विचारायला सुरुवात केली. पाण्यात कधीपासून उतरतोस? आठव्या वर्षापासून. किती पाण्यात? कमरेएवढ्या. थंडीत? थंडीत तर जास्तच, तेव्हाच मासळी लागते. डोंग्यात कसा बसतोस? त्याने पाय मुडपून दाखवायचा प्रयत्न केला, जमला नाही, तेव्हा कुंताने बसून दाखवलं. मग त्याने उलट विचारलं, तू लहानपणी काय खाल्लं, किती ओझं वाहिलं, पाय कधीपासून दुखतात. बरोबरच्या तिघीही मध्ये मध्ये बोलू लागल्या. पाळीवरून कोलू आला, लगेच स्वतःचा गुडघा उघडून बसला.

गोकुळा घरातून शिल्लक राहिलेला एक कागद घेऊन आली आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. थंड पाणी, किती वर्षं. मुडपून बसणं, किती तास. चढ, ओझं, मीठ. बुधरीची एक बहीण नदीकाठी दिली आहे, तिचे पाय कसे आहेत, हे विचारायला हवं. आणि ज्या ढिवरांनी मासेमारी सोडून शेती धरली त्यांचे? रक्त एकच, पाणी सुटलेलं. त्यांचे गुडघे कोणी पाहिले आहेत का? तिने स्वतः पाहिले नव्हते. मार्कंड्याच्या देवळाच्या वाटेवर अशी पाच-सहा घरं होती, एवढं तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या वाटेला निघाली. निघण्याआधी कुंताच्या कमरेला दोरी तिने स्वतः बांधली, धोतराची घडी नीट बसवली, गाठ दोनदा ओढून पाहिली. सोमाजीने ती पाहिली, सोडली आणि आपल्या हाताने पुन्हा मारली.

"तुयी गाठ भिजली का सुटते," तो म्हणाला. "पाह्य, अशी."

तिने पाहिलं. मग त्याच्याकडून ती तीनदा मारून घेतली, आणि चौथ्यांदा स्वतः मारली.